बंद खोलीत पॅकेज कसं शिरतं?

"या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही."

डेटाशी झटापट करून पोट भरणाऱ्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी अशा अर्थाचं वाक्य कधी ना कधी पडद्यावर वाचलेलं असतं. आर सुरू करायचं, एखादं पॅकेज मागवायचं, की यंत्र थंडपणे सांगतं, लायब्ररीत लिहिता येणार नाही. मग तेच नम्रपणे विचारतं, तुमच्यापुरती वेगळी लायब्ररी करून देऊ का? आपण आनंदाने हो म्हणतो. पुढच्याच मिनिटाला कळतं, की या मशीनला बाहेरच्या जगाचा वारासुद्धा लागू दिलेला नाही. मग फॉर्म भरा, मॅनेजरची मंजुरी घ्या, सिक्युरिटीवाल्यांकडे तिकीट टाका आणि बसा वाट बघत.

पुण्यात हिंजवडीला काय किंवा खराडीला काय, परदेशी बँकांचा, विमा कंपन्यांचा, औषध कंपन्यांचा डेटा हाताळणाऱ्या हापिसांत हे नेहमीचंच आहे. मोबाईल बाहेर लॉकरमध्ये, पेन ड्राइव्हची सोय बंद, आणि समोर दूर कुठेतरी चालणाऱ्या सर्व्हरचं नुसतं चित्र दाखवणारा पडदा. मीही अशाच एका खोलीत दिवसाचे आठ-नऊ तास काढतो. खालच्या चहाच्या टपरीवर या विषयावर जी भाषा ऐकू येते, ती इथे टंकण्यासारखी नाही :-)

तर या वीकांताला म्हटलं, नुसत्या शिव्या घालण्यापेक्षा हे असं का झालं ते तरी बघू. बघायला गेलो आणि गंमत अशी दिसली, की इथे एक नाही, दोन इतिहास आहेत. पहिला आहे अनोळखी माणसाने लिहिलेला कोड बिनधास्त वापरण्याचा. दुसरा आहे ओळखीच्या, सभ्य, सहीशिक्क्याच्या माणसालाही डेटा हातात न देण्याचा. दोन्ही साधारण एकाच काळात वाढले, पण एकमेकांकडे न बघता. आपण पॅकेज इन्स्टॉल करायला जातो तेव्हा या दोघांची टक्कर होते आणि मध्ये सापडतो आपण.

पहिल्या इतिहासापासून सुरुवात करू.

१९७६ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाच्या भाषेवर काम सुरू केलं. तोवर आकडेमोड करायची म्हणजे फोरट्रानमध्ये कार्यक्रम लिहायचा, तो चालवायचा, आणि एक प्रश्न बदलला की पुन्हा पहिल्यापासून. एसमध्ये माणूस डेटाशी बोलल्यासारखं काम करू शकत होता. आणि मुख्य म्हणजे त्यात स्वतःची नवी फंक्शन्स लिहिता येत होती. योगायोग बघा, त्याच १९७६ साली नॉर्थ कॅरोलायनात एसएएस इन्स्टिट्यूट ही कंपनी स्थापन झाली. एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर सगळं सामान एकाच दुकानातून, पावतीसकट. दुसऱ्या वाटेवर ज्याला जे हवं ते त्याने लिहावं आणि शेजाऱ्याला द्यावं. पुढे हा फरक महत्त्वाचा ठरणार आहे, लक्षात असू द्या.

पण शेजाऱ्याला द्यायचं कसं? १९८५ साली जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी नेटलिब सुरू केलं. अरगॉन नॅशनल लॅबोरेटरी आणि बेल लॅब्ज इथल्या यंत्रांना तुम्ही ईमेल करायचा, की अमुक संग्रहातलं तमुक फंक्शन पाठव. पलीकडे माणूस नाही, प्रोग्रामच तो ईमेल वाचायचा आणि कोड उलट टपाली पाठवून द्यायचा. वर्ल्ड वाइड वेबचा तेव्हा पत्ताही नव्हता. म्हणजे आपण आज एका ओळीत जे करतो त्याचा हा खापरपणजोबा. पुढे १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात स्टॅटलिब सुरू झालं, तिथे संख्याशास्त्राचा माल जमू लागला.

इकडे न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी शिकवण्यासाठी म्हणून एससारखीच एक छोटी भाषा बनवली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर, म्हणून भाषेचं नावही आर. १९९३ साली त्यांनी ती स्टॅटलिबवर ठेवली. झुरिकच्या मार्टिन मेखलर यांनी मागे लागून लागून त्यांना मूळ कोड खुला करायला लावला आणि १९९५ साली आर मुक्त परवान्याखाली सगळ्यांची झाली. मग एप्रिल १९९७मध्ये व्हिएन्नात कुर्ट होर्निक आणि फ्रिड्रिख लाइश यांनी 'क्रॅन' सुरू केलं. नाव ठेवलं ते आधीच्या भावंडांवरून: टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी सीटॅन होतं, पर्लसाठी १९९५पासून सीपॅन होतं, तसं आरसाठी क्रॅन. सुरुवातीला तिथे किती पॅकेजेस होती? १२. आज २०,०००हून जास्त आहेत.

आता क्रॅनबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. तिथे पॅकेज पाठवलं की ते आपोआप दुकानात लागत नाही. त्याच्यावर तपासण्यांचा रतीब लागतो. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्सवर ते बांधून बघतात, त्यातली उदाहरणं चालवून बघतात, परवाना बघतात, आणि नव्या पॅकेजवर स्वयंसेवक स्वतः नजर टाकतात. पुढेही पॅकेज मोडलं आणि लेखकाने दुरुस्त केलं नाही, तर ते यादीतून काढून अडगळीत टाकतात. क्रॅनवाल्यांच्या खडूस ईमेलांबद्दल पॅकेज लिहिणारे लोक एकमेकांना सांगत असतात. पण त्या खडूसपणाचा अर्थ एवढाच, की कोणीतरी वाचतंय. अर्थात ते काय वाचतात हेही समजून घ्यायला हवं. पॅकेज बांधलं जातं का, चालतं का, नियम पाळतं का, हे ते बघतात. त्यातलं संख्याशास्त्र बरोबर आहे याची हमी ते देत नाहीत, आणि तसा दावाही करत नाहीत.

पायथनची वाट थोडी वेगळी. त्यांचं कोठार, पायपीआय, २००३ साली सुरू झालं. पिप हे साधन इयन बिकिंग यांनी २००८ साली आणलं. तिथे खातं उघडलं की कोणीही पॅकेज चढवू शकतं आणि ते लगेच जगाला मिळतं. आधी वाचणारा माणूस नाही. यात वेग आहे, आणि वेगाची जी काही किंमत असते तीही आहे.

असो. आता दुसरा इतिहास.

जनगणना, आयकर, दवाखान्यातल्या नोंदी, पगार, असा माणसांचा डेटा सरकारांकडे ढिगाने असतो. संशोधकांना तो हवा असतो, आणि द्यायलाही हवा, कारण त्यातूनच कळतं की कुठली योजना चालली, कुठलं औषध चाललं. पण तो ज्यांचा आहे त्यांना वचन दिलेलं असतं, की तुमचं नाव बाहेर जाणार नाही. पूर्वी लोकांना वाटायचं, नाव आणि पत्ता खोडला की झालं. १९९७ साली लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने हा समज मोडून काढला. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या जात होत्या. स्वीनीने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरना विकत घेतली, दोन्हीकडची जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले, आणि थेट राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच वैद्यकीय नोंदी शोधून काढल्या. त्यांच्या जन्मतारखेची केंब्रिजमध्ये फक्त सहा माणसं होती, त्यांतले तीन पुरुष, आणि त्या पिनकोडचे ते एकटेच. पुढे २००० साली तिने १९९०च्या जनगणनेवरून हिशोब मांडला, की अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एवढ्या तीन गोष्टींवरून बहुधा ओळखू येतील.

नुसतं नाव खोडून भागत नाही म्हटल्यावर उरतो एकच उपाय: डेटा बाहेर न्यायचाच नाही, माणसालाच डेटाकडे आणायचं. हे काही देशांनी स्वीनीच्या आधीच सुरू केलं होतं. लक्झेंबर्ग इन्कम स्टडी हा प्रकल्प १९८३ साली सुरू झाला. अनेक देशांचा घरगुती उत्पन्नाचा डेटा एका जागी ठेवायचा, आणि संशोधकाने आपला प्रोग्राम ईमेलने पाठवायचा, अशी पद्धत त्यांनी पुढे बसवली. तिथलं यंत्र तो चालवणार आणि फक्त उत्तर परत पाठवणार. नेटलिब आठवतंय? तिथे ईमेल पाठवला की कोड यायचा. इथे ईमेलने कोड पाठवला की उत्तर यायचं. एकाच टपालाच्या दोन दिशा, आणि बंद खोलीचा सगळा पेच या दोन दिशांतच आहे असं मला वाटतं.

१९९४ साली अमेरिकेच्या जनगणना विभागाने बॉस्टनला पहिलं संशोधन डेटा केंद्र उघडलं. तिथे बसायचं तर गुप्ततेची शपथ घ्यावी लागते. मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. डेन्मार्कने २००१पासून संशोधकांना दुरून जोडणी देऊन आत काम करायची सोय केली. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २००४ साली आपली सुरक्षित प्रयोगशाळा सुरू केली. तिथल्या फेलिक्स रिची यांनी साधारण २००३मध्ये एक चौकट मांडली होती, ती आज जगभर 'फाइव्ह सेफ्स' म्हणून चालते. पाच प्रश्न विचारायचे. प्रकल्प योग्य आहे का? माणसं विश्वासाची आहेत का? जागा बंदोबस्ताची आहे का? डेटातून ओळख पुसली आहे का? आणि बाहेर जाणारं उत्तर निर्धोक आहे का?

शेवटच्या प्रश्नासाठी तिथे चक्क माणसं नेमलेली असतात. तुमचा तक्ता बाहेर नेण्याआधी ती माणसं तो बघतात. एखाद्या चौकटीत दोन-तीनच माणसं उरली असतील तर ती चौकट पुसायला लावतात, कारण छोट्या गावात दोन-तीन माणसं म्हणजे जवळजवळ नाव-गाव सांगितल्यासारखंच.

आता या पाच प्रश्नांकडे आपल्या चष्म्यातून परत बघा. सॉफ्टवेअरला स्वतंत्र खाना नाहीये! ते 'जागा' या खान्यात गुपचूप बसलंय. माझ्या मते याचं कारण सोपं आहे. त्या काळच्या अशा खोल्यांत मुख्यतः एसएएस, एसपीएसएस, स्टेटा असायचं. एका दुकानातून आलेलं, परवान्याचं, वर्षातून एकदा बदलणारं. खुर्ची-टेबलासारखंच तेही जागेचा भाग. दर आठवड्याला शंभर अनोळखी माणसांचा कोड आत आणायचा हट्ट धरणारी आमच्यासारखी पोरं तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. मी वर म्हटलं तो १९७६चा फाटा इथे येऊन भिडतो.

बरं, आत आणायचंच ठरवलं तर नेमकं काय करावं लागतं? बाहेरच्या मशीनवर पॅकेजची दाबून बांधलेली फाइल उतरवायची, ती तपासणीतून आत पाठवायची, आणि आत कोठाराचा पत्ता न देता थेट त्या फाइलीवरून इन्स्टॉल करायची. ऐकायला सोपं. पण असं केलं की आर ते पॅकेज ज्यांच्यावर अवलंबून आहे ती पॅकेजेस शोधत नाही, ती आधी आपल्यालाच एकेक करून, बरोबर क्रमाने बसवावी लागतात. टायडीव्हर्ससारखं लोकप्रिय गाठोडं मागवलं तर मागून शंभराच्या आसपास पाहुणे येतात. लग्नाला दोघांना बोलवावं आणि दारात ट्रॅव्हल्सची बस उभी राहावी तसं. नकाशांचं काम करणारं एसएफ घ्या. त्याला आरच्या बाहेरच्या जीडॅल, जिऑस आणि प्रोज या तीन लायब्रऱ्या लागतात, आणि त्या बसवणं तर थेट अॅडमिनच्याच हातात.

यावर उपाय निघाले. २०१४मध्ये मिनीक्रॅन नावाचं पॅकेज आलं. हवी ती पॅकेजेस आणि त्यांचं सगळं गणगोत शोधून ते एक छोटं खाजगी क्रॅन बांधून देतं, ते उचलून आत न्यायचं. त्याच वर्षी क्रॅनचं रोजच्या रोज छायाचित्र काढून ठेवणारं एक कोठारही सुरू झालं. पुढे ते मायक्रोसॉफ्टकडे गेलं आणि १ जुलै २०२३ला त्यांनी ते बंद केलं. ज्यांनी "अमुक तारखेचं क्रॅन" असं लिहून ठेवलं होतं त्यांची चांगलीच पळापळ झाली. आज मोठ्या कंपन्यांत भिंतीच्या आत स्वतःचंच एक कोठार असतं, बाहेरून गाळून आलेला माल त्यात भरलेला. आपण मागतो तेव्हा आपल्याला त्या कोठारातून मिळतं.

मग एवढं गाळायची खरंच गरज आहे का? टपरीवरचं मत म्हणजे सिक्युरिटीवाल्यांना दुसरा उद्योग नाही. मी मात्र या वेळी त्यांच्या बाजूने थोडं बोलणार आहे.

पॅकेज बसवणं म्हणजे फाइल ठेवणं नव्हे. मूळ कोडवरून आरचं पॅकेज बसवताना त्याच्यासोबत आलेली स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर चालू शकते. पायथनच्या जुन्या पद्धतीच्या पॅकेजमध्येही तेच. आणि ती चालते तुमच्या नावाने, तुमच्या अधिकारांनी. म्हणजे शपथ घेतलेल्या माणसाच्या खुर्चीत शपथ न घेतलेला माणूस बसतो.

फेब्रुवारी २०२१मध्ये अॅलेक्स बिर्सान या संशोधकाने जे दाखवलं ते तर भिंतीच्या आतल्या कोठारांबद्दलच होतं. मोठ्या कंपन्यांची आपापली खाजगी पॅकेजेस असतात. त्यांची नावं इकडेतिकडे उघड्या फाइलींत सापडतात. त्याने त्याच नावांची, पण वरच्या आवृत्तीची पॅकेजेस सार्वजनिक कोठारांत ठेवली. आतलं साधन दोन्हीकडे बघायचं, मोठा आकडा दिसला की बाहेरचं उचलायचं. बस्स. अॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपल धरून ३५हून जास्त कंपन्यांच्या आत त्याचा (निरुपद्रवी) कोड चालला. तिथून त्याने बातमी बाहेर आणली तीही पत्ते शोधायच्या साध्या डीएनएस विचारणांतून, कारण ती वाट सहसा कोणी अडवत नाही. म्हणजे "आमच्या मशीनला इंटरनेट नाही" असं म्हणणाऱ्यांनीही एकदा नीट बघावं, की खरंच नाही का.

आरवाल्यांनाही हे लागू आहे. एप्रिल २०२४मध्ये एक दोष जाहीर झाला. आरमध्ये साठवलेल्या वस्तूंची फाइल नुसती वाचली तरी त्यात लपवलेला कोड चालवता येत होता. आवृत्ती ४.४.०मध्ये तो बुजवला. त्याच्या महिनाभर आधी एक्सझेड या दाबून बांधायच्या साधनात पेरलेला चोरदरवाजा सापडला. पेरणाऱ्याने दोन वर्षांहून जास्त काळ इमानदारीने काम करून विश्वास कमावला होता. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं. तपासणीच्या यंत्रणेने नाही पकडलं. एका माणसाने बघितलं.

तेव्हा भीती खरी आहे. कुलूप हवंच.

पण आता मला जो खरा मुद्दा मांडायचाय तो हा, की कुलपाने धोका जात नाही, धोक्याची फक्त जागा बदलते. आणि नव्या जागेकडे कोणाचंच लक्ष नसतं.

पॅकेज मिळालं नाही म्हणून काम थांबतं का? नाही. शुक्रवारी क्लायंटला आकडे द्यायचेच असतात. मग माणूस काय करतो? स्वतः लिहितो. एका प्रकल्पात मी हे जवळून पाहिलंय. पॅकेजच्या अर्जाला तीन आठवडे उत्तर आलं नाही, तेव्हा एका सहकाऱ्याने त्यातली हवी ती पद्धत पुस्तकातलं सूत्र बघून दोनशे ओळींत उतरवून काढली. हुशार पोरगा, कोडही नीटनेटका. पण ज्या पॅकेजला आम्हाला नाही मिळालं ते जगभरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं वापरून, ओरडून, दुरुस्त करवून घेतलेलं होतं. आणि या दोनशे ओळी लिहिणाऱ्याखेरीज कोणीही वाचल्या नाहीत. त्यासाठी ना फॉर्म, ना सही, ना तिकीट. त्या खोलीतच जन्मल्या, म्हणून त्या आपोआप 'सुरक्षित'.

पुस्तकातलं सूत्र बघून लिहिण्यात काय बिघडतं म्हणाल, तर एक छोटं उदाहरण देतो. विचरण, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, काढायचा एक सोपा मार्ग आपण कॉलेजात शिकतो: सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करा आणि त्यातून बेरजेचा वर्ग भागिले संख्या एवढं वजा करा. आता तीन आकडे घ्या: १०० कोटी १, १०० कोटी २ आणि १०० कोटी ३. कागदावर ही वजाबाकी बरोबर २ येते आणि विचरण १. संगणकावर मात्र दोन्ही संख्या तीनावर अठरा शून्यं एवढ्या मोठ्या होतात, आणि नेहमीच्या डबल पद्धतीत त्या उंचीवर दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतरच ५१२ असतं. तिथे २ हा फरक मावतच नाही. उत्तर शून्य येईल, ५१२च्या पटीत येईल किंवा चक्क ऋण येईल, पण २ कधीच येणार नाही. हा काही पुस्तकी बागुलबुवा नाही. एक्सेलसुद्धा २००३च्या आवृत्तीआधी याच सोप्या सूत्राने हिशोब करायचं. त्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ते बदललं.

आरमधलं तयार फंक्शन असा घोळ करत नाही, कारण कोणीतरी कधीतरी यात पडून, उठून, ते नीट करून ठेवलंय. पॅकेज म्हणजे तरी काय, हजारो लोकांच्या ठेचांची जपून ठेवलेली यादी. पॅकेज अडवताना आपण ती यादीही दारातच अडवतो.

आणखी एक गोष्ट. ज्या खोलीतून खरंच काही बाहेर जात नाही, तिथे लबाड पॅकेज डेटा चोरून नेणार कुठे? भिंतीने ते काम आधीच केलेलं असतं. तिथे उरतो तो धोका म्हणजे चुकीचं उत्तर, आणि चुकीच्या उत्तराला पॅकेजबंदी हा उपाय नाही. उत्तर तपासणारा दोन-तीन माणसांची चौकट पुसेल, पण विचरण चुकलंय हे त्याला कसं कळणार? या डेटावरून विम्याचा हप्ता ठरतो, औषधाची मात्रा ठरते. ज्या माणसाची गुप्तता जपायला आपण खोली बांधली, त्याच माणसाच्या वाट्याला तो चुकलेला आकडा येतो.

मग मधली वाट आहे का? आहे, आणि ती २०२०च्या वसंतात ब्रिटनमध्ये घाईघाईत सापडली. कोविड सुरू होता. लोकांच्या डॉक्टरांकडच्या नोंदी बघितल्याशिवाय कोणाला जास्त धोका आहे हे कळणार नव्हतं, आणि कोट्यवधी लोकांच्या नोंदी कोणाच्या हातात द्यायच्या हा प्रश्न होता. बेन गोल्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनसेफली उभं केलं. संशोधक आपल्या मशीनवर खोट्या, बनावट डेटावर कोड लिहितो. तो कोड खऱ्या डेटाच्या घरी जाऊन चालतो. संशोधकाला खऱ्या नोंदी दिसत नाहीत, तपासलेली उत्तरंच तेवढी बाहेर येतात. कोणी कुठला कोड चालवला याची नोंद जगाला उघड असते. जुलै २०२०मध्ये नेचरमध्ये त्यांचा निबंध आला, १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींवरचा. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना मृत्यूचा धोका, इतर आजार आणि गरिबी हिशोबात धरूनही, जास्त होता हे त्यात दिसलं. म्हणजे तिकडे राहणारे आपले मामा-मावश्याच की.

तिथे पॅकेजेसचं काय? आर आणि पायथनची ठरलेल्या आवृत्त्यांची तयार पेटी असते. बाहेर जी पेटी, तीच आत. नवं पॅकेज हवं तर मागायचं, ते लोक बघतात आणि पेटीत घालतात. म्हणजे कुलूप आहेच. फरक एवढा, की आत चालणारा प्रत्येक कोड, पॅकेजचा असो की तुमच्या हाताने लिहिलेला, कोणालाही वाचता येतो. घरगुती दोनशे ओळींना तिथे लपायला जागा नाही. म्हणजे लक्झेंबर्गची जुनीच टपालाची युक्ती, पण पाकीट उघडं ठेवून.

औषधांच्या दुनियेतही हेच हळूहळू घडतंय. अमेरिकेच्या एफडीएने मे २०१५मध्ये स्पष्ट केलं, की आम्ही अमुकच सॉफ्टवेअर वापरा अशी सक्ती करत नाही. तरी कंपन्या कित्येक वर्षं एसएएसला धरून बसल्या. मग त्यांच्यातल्याच लोकांनी एकत्र येऊन आर पॅकेजेसचा धोका कसा मोजायचा हे ठरवायला घेतलं: लेखक कोण, किती वर्षं चाललंय, चाचण्या किती, दोष नोंदवले तर दुरुस्त होतात का. नोव्हेंबर २०२१मध्ये आरवर आधारलेला एक नमुना प्रस्ताव एफडीएकडे जाहीरपणे पाठवून पाहिला. सरसकट 'हो' नाही आणि सरसकट 'नाही'ही नाही, प्रत्येक पॅकेज उघडून वाचायचं.

थोडक्यात काय, दोन्ही इतिहासांत जे जे टिकलं त्यामागे वाचणारा माणूस आहे. क्रॅनचे खडूस स्वयंसेवक, ब्रिटनचे तक्ते तपासणारे, अर्धा सेकंद खटकलेला फ्रॉइंड. आणि जे जे फसलं तिथे यंत्रणा होती, पण वाचायला कोणी नव्हतं. आपल्या हापिसांतली अडचण कडकपणाची नाहीच. अडचण अशी आहे, की फॉर्म आहे आणि तो वाचणारा कोण हे कोणालाच सांगता येत नाही. तीन आठवड्यांनी मंजुरी येते तीही पॅकेज उघडून बघितलंय म्हणून नव्हे, तीन आठवडे झाले म्हणून.

मी माझ्यापुरते दोन नियम केलेत. अर्ज करताना नुसतं पॅकेजचं नाव न लिहिता त्याचं सगळं गणगोत, आवृत्त्यांसकट, आणि ते न मिळाल्यास त्याऐवजी काय लिहावं लागेल, हे एका पानात द्यायचं. वाचणाऱ्याला वाचण्यासारखं काहीतरी द्यावं ना. आणि खोलीत कोणी हाताने लिहिलेली संख्याशास्त्राची पद्धत वापरली, तर ती दुसऱ्या कोणीतरी वाचल्याशिवाय तिचा आकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या नियमाला टीममध्ये कुरकुर बरीच झाली. पण कोणी मोडलेला नाही अजून.

तुमच्याही हापिसात अशी खोली असेल तर पुढच्या वेळी तिकीट टाकताना एवढंच विचारून बघा: हे वाचणार कोण? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव मिळालं तर त्याला एकदा चहाला खाली घेऊन या. नाव मिळालं नाही, तर ते कुलूप नेमकं कशाचं रक्षण करतंय हा प्रश्न वरच्यांना विचारायला हरकत नाही.